तिसऱ्या वळणावरचं झाड

"आधी चालून या," एवढंच म्हणायचे ते. आणि आपल्या महागड्या सायकलच्या हँडलवर असा हात ठेवायचे, की जणू आपण ती चोरूनच आणलीय.

पाचगणीजवळच्या डोंगरउतारावर सायकलींसाठी तीन वाटा आखल्यात. हिरवी शिकाऊंची, निळी सराईतांची आणि काळी ज्यांना स्वतःची हाडं जड झालीत त्यांची. फाटकावर हे 'आधी चालून या'वाले निवृत्त सुभेदार बसायचे. ते मनगटावर ज्या रंगाचा पट्टा बांधतील, ती आपली वाट. काळ्यासाठी नियम एकच: अख्खी वाट आधी पायी बघून यायची आणि त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

मी साताऱ्यात भूगोल शिकवतो. डोंगर मला फळ्यावर काढता येतो, तो चालून कशाला बघायचा? दर रविवारी मी पहिल्या वळणापर्यंत जायचो, आडोशाला बसून भेळ खायचो आणि तासाभरानं बाटलीतलं पाणी कपाळाला लावून धापा टाकत वर यायचो.

"तिसऱ्या वळणावर झाड कुठलं हाय, सर?"

"जांभूळ."

पुढच्या रविवारी मी हिरडा म्हणालो. त्याच्या पुढच्या रविवारी अंजनी.

"व्हय व्हय," म्हणत ते हिरवा पट्टा बांधायचे. "भूगोल शिकिवता न्हवं? लय भारी."

दीड वर्ष मी हिरवाच. सहलीला आलेल्या पोरी "काका, बाजूला!" म्हणत पुढं निघून जायच्या. एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सुभेदार, हाड मोडलं तर माझं मोडेल ना!"

"आवं, पर वर कोन आननार? मीच न्हवं? माझं गुडघं तुमचं वजन पेलायचं न्हाईत."

मग ते हृदयाच्या ऑपरेशनला मिरजेला गेले. जाताना म्हणाले, "आल्यावर इचारीन. बघून ठेवा."

ते आलेच नाहीत. आता फाटकावर एक स्क्रीन बसवलीय. आपली लायकी आपणच ठरवायची. मी 'निष्णात'वर बोट ठेवलं आणि मिनिटात काळा पट्टा हातात पडला. कुणी काही विचारलं नाही. याच पट्ट्यासाठी दीड वर्ष तळमळलो होतो, आणि आता हातात घेताना फार वाईट वाटलं.

वाटेच्या तोंडाशी पाय पेडलवर ठेवला, पण पुढं जाववेना. शेवटी उतरलो आणि सायकल ढकलत चालत निघालो.

तिसरं वळण आलं. तिथं झाडच नव्हतं. साधं झुडूपही नाही. वाट एकदम डावीकडे वळते आणि समोर मोकळा कडा, खाली थेट धोम धरणाचं पाणी. दीड वर्ष मी तिथं दर रविवारी एक झाड लावत होतो आणि सुभेदार ते मुकाट ऐकून घेत होते.

"झाड न्हाई, सुभेदार," मी मोठ्यानं म्हणालो.

उत्तर पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. तपासायला मात्र कुणी नव्हतं.