दुभाजकापलीकडचा पंप

डिसेंबरातला दुसरा रविवार. निघायची ठरलेली वेळ पहाटे पावणेसहा, प्रत्यक्षात निघालो सहाला दोन मिनिटं कमी असताना.

हजर: मी. माझे यजमान, चालक म्हणून. यजमानांचे चुलते तात्या, ज्यांचं सोलापुरात काडीचंही काम नव्हतं, पण गाडीतली एक जागा रिकामी जाते हे त्यांना बघवत नाही. आणि निरवांगीपासून पुढे माझी भावजय, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

भावजय चोवीस वर्षं अंगणवाडी चालवते. त्या दिवशी तिची पर्यवेक्षिका पदाची परीक्षा होती. केंद्र तिने पुणे मागितलं होतं, म्हणून अर्थातच सोलापूर मिळालं. परीक्षा अकराला, फाटक साडेदहाला बंद. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची परीक्षा. मागच्या खेपेला ती बसू शकली असती, पण तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळली होती आणि आईचं करायला घरात तीच होती. मी बारामतीहून फोनवर सूचना देत होते. औषधांचं वेळापत्रकही मीच करून पाठवलं होतं, रंगीत.

त्यामुळे या वेळी तिला केंद्रावर पोचवायची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. एसटीने जाईन म्हणत होती, मी जाऊ दिलं नाही. एसटीचा काय भरवसा?

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. यादीशिवाय मी भाजी आणायलाही जात नाही. या प्रवासाची यादी चौदा मुद्द्यांची होती. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ आधार कार्ड, फोटो, पारदर्शक बाटली, तात्यांच्या गोळ्या वगैरे. मुद्दा नऊ पेट्रोलचा होता. त्यापुढे मी लिहिलं होतं: मोहोळच्या अलीकडे, वहीप्रमाणे.

वहीचं सांगायला हवं. यजमान साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. त्या काळात ओळखीच्या झालेल्या ट्रकवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यांच्यातला जो कोणी सोलापूर रस्त्यावर असेल तो सकाळी पंपाच्या भावफलकाचा फोटो टाकतो, खाली एक गुलाब आणि शुभ सकाळ. पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हापासून ही प्रथा सुरू आहे. पंपापंपात फरक पडतो तो पैशांचा. डेपोपासून पंप जितका लांब तितके चार पैसे जास्त, एवढंच त्यातलं शास्त्र. पण आमच्या ग्रुपात तो फरक अशा गांभीर्याने चर्चिला जातो की कुणाला वाटावं यांच्यावर देशाची तिजोरी सोपवली आहे.

यजमान फोटो बघून सोडून देत. मला ते पसाऱ्यासारखं वाटलं. मी वही केली. गाव, इंदापूरपासूनचं अंतर, भाव, स्वच्छतागृह बरं की वाईट, चहा. सगळ्या फोटोंमध्ये मोहोळच्या अलीकडचा एक पंप सातत्याने स्वस्त होता. इंदापूरपेक्षा लिटरमागे बेचाळीस पैशांनी. त्याला मी लाल शाईने चौकट केली होती.

निरवांगीच्या फाट्यावर भावजय इस्त्रीची साडी नेसून, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन उभी होती. गाडीत बसता बसता म्हणाली, "जय भीम, तात्या. तुमी बी आलाय व्हय?"

"जय भीम. मी कशाला ऱ्हातोय? मॅडम होनार तू. पेढं कोन खानार?"

"पेपर तर होऊ द्या." मग पुढे वाकून तिने विचारलं, "दाजी, गाडीत तेल हाय ना?"

यजमानांच्या आधी तात्याच बोलले. "तुझी नणंद गाडीत हाय का न्हाय? मग तेलाचं टिपण आसलंच की."

होतंच.

इंदापूरला हमरस्त्याला लागायच्या आधी पंपावर थांबलो, कारण वहीत त्याच्या स्वच्छतागृहापुढे 'बरे' होतं. भावजय तिकडे गेली. तात्या पाय मोकळे करायला उतरले. काटा लाल पट्ट्याच्या जरा वर होता. यजमानांनी टाकीचं झाकण उघडलं.

"पाचशेचं टाकून घेतो."

"पुढे बेचाळीस पैशांनी स्वस्त आहे," मी म्हणाले.

"अगं, पाच लिटरला दोन रुपये होतात."

"प्रश्न दोन रुपयांचा नाही. मग वही कशाला ठेवायची?"

पंपावरचा माणूस नळी हातात धरून एकदा यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. यजमानांनी वाद घातला नाही. तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस, पारडं कुठे झुकतंय ते त्यांना लगेच कळतं. त्यांनी झाकण लावलं. पंपवाला म्हणाला, "हवा तरी भरा, फुकट हाय." आम्ही हवा भरली. भावजय आली तेव्हा आम्ही निघायला तयार होतो.

टेंभुर्णी गेलं. तिथला पंप महाग होता. मोडनिंब गेलं, तिथला त्याहून चार पैशांनी कमी, पण आपल्या पंपाहून जास्तच. मी वही उघडून प्रत्येकाचा भाव वाचून दाखवत होते. तात्या प्रत्येकाला "लुटत्यात नुसतं" म्हणत होते. भावजय प्रश्नसंच वाचत होती. मध्येच तिने मान वर केली.

"दाजी, त्यो पिवळा दिवा कशाचा पेटलाय?"

यजमानांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "तो असाच लागतो," ते म्हणाले.

दिवा लागल्यावर गाडी किती जाते याची माहिती प्रत्येक पुरुषाला जन्मतःच असते. यजमानांच्या मते चाळीस किलोमीटर. तात्यांच्या मते पन्नास, पण खिडक्या बंद करून. आम्ही खिडक्या बंद केल्या. उतार आला की यजमान गाडी न्यूट्रल करत आणि चौघंही श्वास रोखून बसत, जणू श्वासालाही पेट्रोल लागतं. माझं मन मात्र शांत होतं. वहीप्रमाणे पंप सहा किलोमीटरवर होता. नऊ वाजले होते, म्हणजे वेळही हाताशी होता.

आणि पंप आला. वहीत लिहिलेल्या जागी, वहीत लिहिलेल्या भावाचा. भावफलकावरचे लाल आकडे लांबून दिसत होते. फक्त तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता. मध्ये कमरेएवढा दुभाजक आणि त्यावर कण्हेरीची झुडपं.

ग्रुपातले ट्रकवाले सोलापूरकडून रिकामे परत येताना फोटो काढायचे. त्यांच्या डाव्या हाताला होता तो पंप. आवक-जावकमध्ये उभं आयुष्य घालवलेल्या बाईने वहीत पाच रकाने आखले होते, दिशेचा त्यात नव्हता.

तात्यांनी काचेला नाक लावून फलक वाचला. "भाव बराबर हाय गं तुझा. पंपच तेवढा तिकडं हाय."

वळायची जागा चार किलोमीटर पुढे होती. गाडी दीड किलोमीटर गेली. मग दोन आचके दिले आणि कडेला जाऊन थांबली, तीही अगदी शिस्तीत, पांढऱ्या पट्टीच्या आत.

यजमान पाण्याची मोठी बाटली घेऊन मागे चालत गेले. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत. नियम आहे म्हणतात. पत्र्याचा डबा पाहिजे."

नियम बरोबरच होता. माझ्या यादीत पारदर्शक बाटली होती, पत्र्याचा डबा नव्हता. तात्या समोरच्या ढाब्यावर गेले. ढाबेवाल्याकडे डबा होता, पण त्यात गोडेतेल होतं. ते दुसऱ्या भांड्यात ओतून घेईपर्यंत तात्यांनी त्याच्याशी उसाच्या पहिल्या उचलीवर चर्चा केली, असं नंतर कळलं.

मी आणि भावजय रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात करत होतो. हमरस्त्यावर साडी नेसलेल्या दोन बायका हात करताना दिसल्या की गाड्या आणखी वेगाने जातात. भावजय मनगटावरचं घड्याळ बघायची, पदराने झाकायची, परत बघायची.

"पोचतो आपण," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली.

नऊ पन्नासला दुधाचा टेम्पो थांबला. चालकाने काही न विचारता शेजारची जागा मोकळी करून दिली. मीही चढले. त्याने टेम्पो जेवढा पळेल तेवढा पळवला, दुधाचे कॅन मागे आपटत होते. पण दुधाच्या टेम्पोला शहराच्या पहिल्याच सिग्नलला दूध उतरवायचं असतं. तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला केंद्र माहीत होतं असं तो म्हणाला. त्याला दुसरंच कॉलेज माहीत होतं.

फाटकाशी उतरलो तेव्हा साडेदहावर सात मिनिटं झाली होती.

आतला पहारेकरी वयस्कर होता. भावजयीने गजांतून प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने ते हातात न घेताच वाचलं.

"बाई, वर कॅमेरा हाय. मी उघडलं तर माझी नोकरी जाईल."

"मामा, गाडी बंद पडली वं. मोहोळच्या अलीकडं."

"तुमच्याआधी दोघी परत गेल्या. एकीचं लेकरू आजारी होतं. मी काय करू, सांगा तुमीच."

मी माझं ओळखपत्र काढलं. सरकारी कर्मचारी आहे, वरिष्ठांना बोलवा, अर्ज लिहून देते, असं सगळं सुरू केलं. अर्जाचा मसुदा डोक्यात तयारच होता. भावजयीने माझ्या कोपराला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या, वन्सं. त्यो तरी काय करंल?"

तिने प्रवेशपत्राची घडी घातली, फाइलमध्ये ठेवली आणि फाइल पिशवीत. मग इकडे तिकडे बघून म्हणाली, "हितं चहा मिळंल का कुठं?"

आम्ही चहा घेतला. पैसे तिने दिले, मला देऊ दिले नाहीत. बारा वाजता यजमान आणि तात्या गाडी घेऊन आले. टाकी पूर्ण भरली होती, त्याच पंपावर, स्वस्त भावाने. तात्यांनी बारीक आवाजात भावजयीला विचारलं, "झालं का गं?" तिने नकारार्थी मान हलवली. त्यानंतर निरवांगीपर्यंत तात्यांनी एकाही पंपाचा फलक वाचला नाही.

उतरताना भावजयीने यजमानांकडे बघितलं. "दाजी, मी सकाळीच इचारलं होतं तुमास्नी."

"चुकलं माझं," यजमान म्हणाले. "इंदापूरलाच टाकायला पाहिजे होतं. बेचाळीस पैसे वाचवायला गेलो."

मी शेजारीच बसले होते. मांडीवर वही होती. ती मी पिशवीत सरकवली.

आता ही गोष्ट माहेरी पक्की झाली आहे. दाजींच्या पेट्रोलपायी हिची परीक्षा गेली. बारशाला, साखरपुड्याला कुणीतरी हमखास यजमानांना विचारतं, "काय दाजी, आज कुठल्या पंपावरनं?" ते हसतात. माझा भाऊ हसत नाही, तो त्यांच्याशी मोजकंच बोलतो. भावजय अंगणवाडीतच आहे. तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान पर्यवेक्षिका दर महिन्याला येऊन तिचं दप्तर तपासते.

एकदा मी यजमानांना विचारलं, "तुम्ही तेव्हा खरं का नाही सांगितलं?"

ते पेपर वाचत होते. "माझ्यावर राग धरला तर धरला," ते म्हणाले. "तुला माहेर एकच आहे."

त्यानंतर मी करण्यासारखं सगळं केलं. वहीत बाजूचा रकाना आखला. गाडीत पत्र्याचा डबा ठेवला. काटा अर्ध्याच्या खाली आला की भाव न बघता टाकी भरायची, असा नियम केला. वयाच्या अटीत काही सवलत मिळते का, याची तीन कार्यालयांत चौकशी केली. मिळत नाही. ग्रुपवर फोटो अजून येतात, गुलाबासह.

निरवांगीला जाऊन भावजयीला सांगायचं आहे की इंदापूरला दाजींनी टाकीचं झाकण उघडलं होतं आणि ते मी लावायला लावलं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. गेल्या रविवारी यजमानांना न सांगता एसटीने निघाले. निमगावला उतरले. तिथून निरवांगीची गाडी बदलावी लागते. गाडीला पाऊण तास होता. समोर डाळिंबांचे ढीग लागले होते, म्हणून डाळिंबं घेतली. निरवांगीची गाडी आली, दहा मिनिटं थांबली आणि गेली. मी पिशवी घेऊन बारामतीच्या गाडीत बसले. डाळिंबं चांगली निघाली. तिला सांगायचं राहिलंच आहे.