हसताना धरायची उशी

दुपारच्या उन्हात वॉर्डचा हिरवा पडदा फुगायचा, हळूच सैलावायचा. माझ्याऐवजी तोच श्वास घेत असावा. उद्या माझी उजवी किडनी काढायची होती, तिच्यातल्या कॅन्सरच्या गाठीसकट.

पलीकडच्या खाटेवरच्या सुमनताईंचं हेच ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालेलं. त्यांची भावजय काहीतरी बोलली, तशी त्यांनी घाईनं उशी ओढून पोटाशी कवटाळली आणि मग हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी बघतेय हे पाहून म्हणाल्या, "हसताना टाके ओढतात गं. उशी अशी घट्ट धरायची. तुझी फारच मऊ दिसते, दुसरी मागून घे."

परक्या गावाला निघालेला माणूस तिथून आलेल्याला विचारतो, पाणी कसं आहे तिकडचं? तशी मी त्यांच्याकडे बघत होते. डॉक्टरांनी मला सगळे धोके नीट समजावले होते. पण तिकडे गेल्यावर हसू येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही हसणार, हे सुमनताईंनी तर गृहीतच धरलं होतं.

पडदा पुन्हा फुगला. मी सिस्टरना हाक मारून कडक उशी मागितली.

"झोपायला?"

"नाही," मी म्हटलं, "हसायला."