मशीन माझी, बिल भासऱ्यांचं

भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हे आमच्यात सुनेला सांगावं लागत नसे. म्हणून चंद्रपूरच्या दुकानात शिलाई मशीन घेताना मी गप्प राहिले. पैसे माझे होते, ब्लाउज शिवून साठवलेले. नवरा गडचांदूरला कामावर, म्हणून सोबत भासरे आले होते. दुकानदारानं नाव विचारलं, त्यांनी स्वतःचं सांगितलं. मी अंगठ्यानं फरशी खरवडत उभी. मूर्ख होते, दुसरं काय!

पुढं भासरे एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले. मित्र पळाला आणि जप्तीचा हुकूम घेऊन कोर्टाचा बेलीफ आमच्या दारात आला. "मशीन माही हाये, बिल हाये माह्यापाशी," म्हणत मीच पेटीतून बिल काढून त्याच्या हातात दिलं. घाईत नावाचं भानच नव्हतं. त्यानं नाव वाचलं आणि मशीन उचलायला लावली. सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच गेली.

मी लावलेल्या वकिलानं जप्तीवर हरकतीचा अर्ज केला. एसटीडी बूथवरून नवऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "भाऊ सांगन ना खरं." मला भरवसा नव्हता. घरात मशीन आपणच आणली, असं भासरे गावभर सांगून बसले होते.

तारखेला मी पिंजऱ्यात, भासरे समोरच्या बाकावर. कर्ज देणाऱ्याच्या वकिलानं बिल नाचवलं.

"बिल होताना तुम्ही तिथंच होता ना? मग बोलला का नाहीत?"

"भासऱ्यासमोर बोलत नाई आमच्यात."

कोणीतरी हसलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी वळले आणि लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले, "भाऊ, मशीन कोणाची हाये? सांगा ना."

न्यायाधीश साहेबांनी मला दटावलं. भासरे मान खाली घालून बसून राहिले. आता गेली मशीन, असं वाटलं.

मग ते उठले. "तिचीच हाये, साहेब."

साहेबांनी त्यांना पिंजऱ्यात बोलावून शपथ दिली.

"मग बिलावर तुमचं नाव कसं?" वकिलानं विचारलं.

"ते बोलली नाई," भासरे म्हणाले, "अन् मी पुसलं नाई."

मशीन सुटली. कोर्टाच्या पायरीवर त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "चहा घेतं का?"

"घेतो," मी म्हणाले. "पण आधी दुकानात चला. बिल माह्या नावानं करून घेऊ."