रिकाम्या जाळ्यांची पन्नास पानं

३ फेब्रुवारी. सामंतबाईंचं कपाट रिकामं करायला घेतलं. बाईंना जाऊन वर्ष होत आलं. कॉलेज त्यांचा स्मरणअंक काढतंय आणि प्राचार्यांना उद्या सकाळी त्यांचा एक लेख हवाय. कपाटात दोन निघाले. एक पूर्ण, एक अर्धवट. दोन्ही मीच, कॉलेजच्या टायपिस्टनं, टाईप केलेले.

बाईंचा विषय आफ्रिकन कादंबऱ्यांमधला समुद्र. स्वतः मात्र गोराईच्या वाळूत चप्पलही काढत नसत. आपल्या मालवणीत म्हणायच्या, "भिजाक कित्याक व्हया? वाचलंय ना मी सगळा!"

बोरिवलीच्या बाजारात भारती कोळीण मासे कापायची आणि बाई तिला आफ्रिका सांगायच्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. सात वर्षांपूर्वी एके दिवशी मीही पिशवी धरून उभी होते. पूर्ण लेख संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता, तरच बाईंची बढती होणार होती.

"या कादंबरीत शेवटी दर्या अख्खं गाव गिळतो," बाई रंगात येऊन म्हणाल्या. "त्यावरच लेख आहे माझा."

"आनि त्याआदी काय होतं?"

"आधी काही नाही गं. जाळी टाकतात, रिकामी ओढतात. पन्नास पानं तेच. मी भरभर उलटली."

भारतीचा कोयता थांबला. "अगो बाय, पानी मंग आलं. गाव तर मासली गेली तवाच बुडला. तू नेमकी तीच पानं उलटलीस?"

मागची बाई हसली. आमच्या बाई नाही हसल्या. घरी जाऊन ती पन्नास पानं वाचली आणि मला फोन केला. "शुभा, सगळा चुकला गो. देश स्वतंत्र झाला, झेंडा बदलला, पण बाहेरच्या मोठ्या बोटी मासे ओरबाडायला येतच राहिल्या. पाणी तापत गेलं. लेखकाने सगळं लिहून ठेवलंय, मीच आंधळी. लेख पाठवू नको."

"बाई, बढती जाईल."

"जाऊ दे. प्राध्यापक झाले तरी लोक मला बाईच म्हणणार."

बढती गेली. नवा लेख त्या सहा वर्षं लिहीत होत्या. दर सोमवारी चार ओळी आणायच्या आणि त्यातल्या तीन खोडायच्या. मी वैतागायचे. बाई गेल्या आणि अकरा पानांवर थांबला तो.

प्राचार्यांना फोन केला. ते म्हणाले, "पूर्ण असलेलाच द्या, अंकात बरा दिसेल."

४ फेब्रुवारी. सकाळी कॉलेज उघडताच मी अकरा पानं त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दुसरा लेख मागितला. तो मी फाडून आले, असं त्यांना सांगितलं आणि माझ्या कामाला लागले.