नलूमावशी आणि मोरीतली तोटी

नलूमावशी भाजी आणायला निघाल्या तरी पिशवीत पाना असायचा. घनसावंगीत आमच्या गल्लीत कुणाची कडी करकरली, कुणाचा पंखा घरघरला, की पिशवी उंबऱ्यावर ठेवून मावशी थेट आत. "मिस्तरीला काय चार हात हायेत का? तो बी दोनच हातानं करतो," असं त्या म्हणायच्या. त्यांनी हात लावलेली वस्तू पुढे मिस्तरीकडेच जायची, हे त्यांना सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती. मावशी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. अर्धी गल्ली त्यांच्या हातची खिचडी खाऊन वाढली होती.

माझ्या बहिणीला, सुजाताला, बघायला आष्टीचे पाहुणे येणार होते त्या रविवारची गोष्ट. आधी दोन नकार आले होते. त्यामुळे आई सकाळपासून देवापुढे आणि गॅसपुढे आळीपाळीने उभी. अंगणातल्या मोरीची तोटी महिनाभर ठिबकत होती, ती नेमकी त्या दिवशी मावशींना दिसली.

"पाहुण्यांसमोर असं टपटप बरं दिसतं का? वायसर गेलंय. पाच मिनिटांचं काम."

"उद्या केलं तर?" आई चाचरत म्हणाली.

"आता करूनच राह्यले ना!"

मी म्हणालो, आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करतो. "एका वायसरपायी? बिलकुल गरज न्हाई," मावशी म्हणाल्या.

पहिल्या झटक्याला तोटी हलली नाही. दुसऱ्या झटक्याला ती भिंतीतल्या गंजक्या पाइपाच्या तुकड्यासकट मावशींच्या हातात आली. धार अंगण ओलांडून सुजाताच्या इस्त्री केलेल्या साडीवर. मावशींनी अंगठा भोकात खुपसला. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि ते आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं. म्हणजे आठवड्याचं पाणी आता मावशींच्या अंगठ्यावर. मी गच्चीवर धावलो, कॉक पिळला. त्याची मूठ माझ्या हातात आली. कॉक तसाच उघडा.

खाली येतो तर दारात जीप.

पाहुणे ओसरीवर टेकले. मुलाच्या वडिलांनी मोरीत वाकलेल्या मावशींकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

"शेजारीण! तुमचं चालू द्या, मी इथून ऐकून राह्यले."

वडील खाकरले. "मुलीला काय काय येतं?"

"समदं येतं!" मोरीतून उत्तर. "तुमच्या पोराला काय येतं ते सांगा."

तेवढ्यात अंगठ्याला कळ लागली. मावशींनी अंगठा बदलला, आणि त्या निमिषात सुटलेली धार वडिलांची टोपी भिजवून पोह्यांच्या बशीत उतरली. आईने डोळेच मिटले. तिसरा नकार आला, असं मी मनात धरून टाकलं.

तर मुलगा उठला. प्रशांत त्याचं नाव, परतूरला शाळेत शिक्षक. त्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "मावशी, सरका. मी धरतो."

मोकळ्या झालेल्या मावशी स्वयंपाकघरात घुसल्या. कोशिंबिरीसाठी ठेवलेलं गाजर आणून त्यांनी ते विळीवर बुचासारखं तासलं आणि वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली. सुजाता अर्ध्या ओल्या साडीतच वरवंटा घेऊन बाहेर आली.

"मी म्हणेन तेव्हाच अंगठा काढा," ती प्रशांतला म्हणाली. आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

"माझ्या हातावर नका मारू."

"हलला नाहीत तर नाही लागणार."

मावशींनी गाजर धरलं, सुजाताने हाणलं. तिघंही नखशिखांत भिजली, आणि धार थांबली. सुजाता पोट धरून हसायला लागली. दोन नकारांनंतर ती घरात अशी हसलीच नव्हती. प्रशांतही हसत सुटला.

वडील टोपी पिळत म्हणाले, "आम्ही पोरगी बघायला आल्तो."

"मंग?" मावशी म्हणाल्या. "बघितली ना बराबर?"

चार दिवसांनी होकार आला. गाजर मात्र दुसऱ्याच दिवशी मिस्तरीने काढलं. मावशींच्या मते ते बारा महिने टिकलं असतं.

गेल्या वर्षी मावशींचे गुडघे गेले आणि मुलाने त्यांना कायमचं नाशिकला न्यायचं ठरवलं. निरोपाला सगळी गल्ली जमली. आई पदराने डोळे पुसत होती. मावशी जीपमध्ये बसल्या, "रडायचं न्हाई, बिलकुल," म्हणाल्या आणि त्यांनी तोंड वळवलं. त्यांच्या बाजूची काच अर्ध्यात अडकली होती. जीप निघाली. ड्रायव्हर ओरडत होता, "आजी, हात लावू नका!" आम्ही वळणापर्यंत हात हलवत राहिलो. मावशींना मात्र हलवायला एकही हात मोकळा नव्हता.