‘माहीत नाही’चा रकाना

“सर, तुमच्या फॉर्ममध्ये ‘माहीत नाही’ एवढं कसं? वसावेंच्या फॉर्ममध्ये तर जवळपास नाहीच,” पुण्याच्या ऑफिसमधून मॅडमनी फोनवर विचारलं.

“लोक शिकलेले नाहीत मॅडम. मत कुठून असणार?”

“वसावेंचे लोकही शिकलेले नाहीत.”

मला ते झोंबलं. सर्व्हेच्या कामात माझी वीस वर्षं गेली. सुनीता वसावेचं हे पहिलंच वर्ष.

सर्व्हेचा विषय असा : अनेक देशांनी मिळून नियम करावेत आणि ते सगळ्यांनी पाळावेत, याबद्दल लोकांना काय वाटतं आणि शिक्षणाने त्यात काय फरक पडतो. माझ्याकडे शहाद्याकडची सपाटीवरची गावं होती, तिच्याकडे मोलगीचा डोंगर.

मला खात्री होती, पोरीने घरी बसून फॉर्म भरलेत. मीच मॅडमना म्हणालो, “बॅकचेक करतो.” बॅकचेक म्हणजे त्याच माणसाला पुन्हा भेटून उत्तर पडताळायचं. खरं सांगतो, ती पकडली जावी म्हणूनच मी गेलो.

मोलगीच्या बाजारात सुनीताने तिच्या यादीतली एक बाई दाखवली. शाळेत कधी न गेलेली, दर वर्षी ऊसतोडीला गुजरातला जाणारी. मी फॉर्म वाचला : “राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा काही अंश सामायिक संस्थेकडे सोपवावा का?”

बाई नुसती बघत राहिली. मी खुशीत ‘माहीत नाही’वर खूण केली.

“सर, मी विचारू?” सुनीता म्हणाली. तिने भिलीत, साध्या शब्दांत विचारलं. बाई हातवारे करत बराच वेळ बोलली.

“काय म्हणते?”

“म्हणते, ऊस तोडायला गेलो की तिकडे रेशन मिळायला त्रास, पोरांना शाळेत घ्यायला त्रास. एका देशात असून हे हाल. देशांनी मिळून नियम करावेत, पण कामाला जाणाऱ्यांना विचारून.”

शेजारच्या दुकानदारानेही ती तेच म्हणाल्याचं सांगितलं. सुनीताने आधी भरलेल्या फॉर्ममध्येही हेच उत्तर होतं. मी खूण खोडली.

परतीच्या जीपमध्ये मी तिचे फॉर्म पुन्हा चाळले. ती खोटी निघाली असती तर बरं झालं असतं, असं मनात येत होतं. मग आठवलं, मी घरी अहिराणी बोलतो, पण फॉर्म हातात आला की पुस्तकी मराठी. एकदाही अहिराणीत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शहाद्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे परत गेलो. प्रश्न आमच्या बोलीत विचारला.

“आसं ईचार ना मंग भाऊ! त्या दिन माले काहीच समजनं नही,” तो म्हणाला. “मन्हं मत, नको. नंदुरबारमा आपलं कोनी ऐकत नही, तठे परदेशमा काय ऐकतीन?”

स्पष्ट, ठाम नकार. माझ्या आधीच्या फॉर्मवर त्याला मतच नव्हतं.

मी मॅडमना सगळं कळवलं. माझे फॉर्म रद्द झाले, आठवडाभर पुन्हा फिरलो. शिकलेल्यांचा कल होकाराकडे होता, तो तसाच राहिला. न शिकलेल्यांना मतच नसतं, हे वाक्य मात्र अहवालातून काढून टाकलं गेलं.

पुढच्या ट्रेनिंगला शिकवायला सुनीताला बोलावलं. मला नाही. ती चांगलं शिकवते, तेही मला सहन होत नाही.

तरी जे शिकलो ते सांगतो. ‘माहीत नाही’चा रकाना भरून वाहायला लागला, की आधी विचारणाऱ्याचा बॅकचेक करावा.