जयवंताच्या नावाची ओळ

माझे मिस्टर, धीरज, वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी कॉम्प्युटर क्लास चालवतात. पुण्यात मोठे झाले असते. झाले नाहीत, त्याची मी साक्षीदार आहे.

कॉलेजात असताना ह्यांनी आणि जयवंता नावाच्या वर्गमैत्रिणीने मिळून एक कोड लिहिला होता. व्हिडिओ गेममधली गाडी आदळली तर कशी उलटेल, चेंडू कुठे उसळेल, हे ठरवणारा. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात. दोघांनी ती इंटरनेटवर मोकळी सोडली. लायसन्स साधं होतं: कोणीही फुकट वापरा, बदला; पण बदललेलं पुन्हा सगळ्यांसाठी मोकळं ठेवा आणि आमची नावं पुसू नका. पुढच्याच वर्षी जयवंता तापाने गेली.

२००४ साली पुण्याच्या एका गेम कंपनीने ह्यांना नोकरी देऊ केली. अट एकच: लायब्ररी यापुढे कंपनीच्या नावावर, आणि बंद. त्यासाठी दोघांची संमती हवी होती, म्हणजे जयवंताच्या जागी तिच्या वडिलांची सही.

आम्ही एसटीने त्यांच्या गावी, समुद्रपूरला गेलो. मी तर मनातल्या मनात पुण्यातलं स्वयंपाकघरही लावून टाकलं होतं. तिच्या वडिलांनी, रूपरावजींनी, काही विचारलं नाही. चष्मा लावला. "कुठं करू सही?"

ह्यांनी कागदावर हात ठेवला. मी ह्यांना कोपराने डिवचलं.

"बाबा, सही केली तर तिचं नाव जाईन त्यातून," हे म्हणाले.

"काऊन? तिनं काय लिवलं होतं, वाचून दाखव मले."

ह्यांनी लायसन्स मराठीत सांगितलं. म्हाताऱ्याने चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "पोरीनं सगळ्यायले देल्लं. मले नाई बंद करता येत रे."

नोकरी गेली. चार दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगते, मेलेल्या मुलीचा मला हेवा वाटला.

तीन वर्षांनी कुठल्याशा परदेशी पोरांनी ती लायब्ररी घेऊन फुकटचा गेम काढला. शेवटी नावांची यादी होती. ह्यांनी यादीचा प्रिंट काढला, पण समुद्रपूरला न्यायची हिंमत होईना. शेवटी मीच नेला.

"याच्यात आमची कोणती?" रूपरावजींनी विचारलं. अक्षरं इंग्रजी. मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. चहा आला, निवला, तरी त्यांनी बोट उचललं नाही.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं." एवढं म्हणायला मला तीन वर्षं लागली.